सेवा केंद्रांच्या वह्यांतून टेस्ट लिहून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांचा हंगाम सुरू होतो आणि आपल्या पानांवर 'सर्व्हर डाऊन'च्या बातम्या येऊ लागतात. रांगेतल्या पालकांचा फोटो, 'तांत्रिक अडचण लवकरच दूर होईल' हे अधिकाऱ्यांचं उत्तर आणि दोन-चार दिवसांनी मुदतवाढ. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. वेबसाइट लोकांच्या हाती जाण्याआधी ती खऱ्या ब्राउझरमध्ये आपोआप चालवून बघणाऱ्या टेस्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. त्या कामाच्या बळावर या बातम्यांबद्दल काही सांगायचं आहे आणि एक मागणी करायची आहे.

यातल्या पुष्कळ तक्रारींचा सर्व्हरशी संबंध नसतो. पान व्यवस्थित उघडतं, माणूस फॉर्म भरतो आणि 'पुढे' दाबल्यावर काहीच होत नाही. किंवा स्वतःचंच नाव 'अवैध' ठरतं. किंवा खात्यातून पैसे जातात आणि पावती येत नाही. गर्दीने साइट कोसळणं हा वेगळा प्रश्न आहे, त्याची तपासणीही वेगळी असते, तिला लोड टेस्टिंग म्हणतात. मी बोलते आहे ते रात्री दोन वाजता साइटवर एकच माणूस असतानाही अडकणाऱ्या फॉर्मबद्दल.

हे मला माझ्या कंपनीत जितकं कळलं त्याहून जास्त माझ्या वहिनींकडून कळलं. वहिनी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र चालवतात. त्यांच्या टेबलावर स्कॅनरशेजारी एक लांब वही असते. कुठल्या साइटवर काय केलं म्हणजे अर्ज जातो, याच्या नोंदी त्यात आहेत. गेल्या दिवाळीत मी ती पहिल्या पानापासून वाचली. साइटची नावं वगळून त्यातल्या काही नोंदी इथे देते.

'कागदपत्राच्या फाइलला मराठी नाव असेल तर चढत नाही. नाव बदलून नुसता एक आकडा देणे.' 'सादर करा हे बटण एकदाच दाबणे, चक्र फिरत राहिले तरी हात लावू नये. दोनदा दाबल्यास दोन अर्ज, दोनदा फी.' 'आधी सगळा मजकूर नोटपॅडवर टाइप करून घेणे, मधेच लॉगिन जाते.' 'पैसे भरल्यावर परत आपल्या पानावर येईपर्यंत खिडकी बंद करू नये, नाहीतर पेंडिंग.' 'जन्मतारीख टाइप होत नाही, कॅलेंडरच वापरावे लागते.' ही शेवटची नोंद वाचायला साधी वाटते, पण १९५८ सालच्या जन्माच्या आजोबांचा अर्ज भरताना ते कॅलेंडर एकेक महिनाच मागे जात असेल तर बाण सातशे-आठशे वेळा दाबावा लागतो. आणि एका नोंदीखाली वहिनींनी लाल रेघ मारली आहे: 'पावतीवर जन्मतारीख तपासणे. एक दिवस मागे येते.'

मी वही वाचून संपवली आणि वहिनींना म्हटलं, हे आमच्याकडे असतं तर! कारण त्या वहीतली प्रत्येक नोंद म्हणजे तयार टेस्ट आहे. काय करायचं, काय व्हायला हवं आणि प्रत्यक्षात काय होतं, तिन्ही गोष्टी एका ओळीत. आमच्याकडे मोठ्या प्रकल्पांत या तिन्ही गोष्टी मिळवायला बैठकांवर बैठका घ्याव्या लागतात.

ब्राउझर टेस्ट म्हणजे नेमकं काय, हे ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो खरा क्रोम किंवा फायरफॉक्स उघडतो, पत्ता टाकतो, 'अर्जदाराचे नाव' असं लिहिलेला रकाना शोधून त्यात नाव भरतो, फाइल जोडतो, बटण दाबतो, आणि पुढच्या पानावर अर्ज क्रमांक आला का ते बघतो. आला तर हिरवा दिवा, नाही आला तर लाल. लाल झाल्यावर कुठल्या पायरीला काय दिसत होतं त्याचा फोटो ठेवतो. हे सगळं अर्ध्या-एका मिनिटात होतं. साइटमध्ये एक ओळ बदलली तरी सगळ्या टेस्ट पुन्हा चालवता येतात, रात्री, कुणी न बसता.

वहिनींची 'दोनदा दाबल्यास दोन अर्ज' ही नोंद घ्या. तिची टेस्ट अशी: फॉर्म भर, सर्व्हरचं उत्तर मुद्दाम पाच सेकंद उशिरा पोचव, तेवढ्या वेळात 'सादर करा' दोनदा दाब, मग माझ्या अर्जांची यादी उघड आणि तिथे एकच अर्ज आहे याची खात्री कर. लॉगिन जाण्याची नोंद? अर्धा फॉर्म भर, ब्राउझरमधली लॉगिनची खूण पुसून टाक, 'पुढे' दाब, पुन्हा लॉगिन कर आणि भरलेला मजकूर जागेवर आहे का बघ. फाइलची नोंद तर सगळ्यांत सोपी, 'उत्पन्नाचा दाखला' असं मराठी नाव असलेली फाइल जोडून बघायची. यातली एकही टेस्ट लिहायला जाणत्या माणसाला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागत नाही.

जन्मतारखेची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते, कारण हा दोष आपल्या देशात हटकून निघतो. ब्राउझरमध्ये तुम्ही १५ ऑगस्ट २००१ निवडलं की तो ते '१५ ऑगस्टची मध्यरात्र, भारतीय वेळ' असं धरतो. प्रोग्रॅमने ती तारीख सर्व्हरकडे पाठवताना जागतिक वेळेत बदलली तर साडेपाच तास वजा होतात आणि उरते १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा. वेळ गाळून नुसती तारीख ठेवली की मुलगी एक दिवसाने मोठी झाली. पुढे शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. आता यातली खाच अशी की टेस्ट ज्या मशीनवर चालतात त्यांची घड्याळं बहुधा जागतिक वेळेवरच लावलेली असतात. तिथे हा दोष कधीच दिसत नाही, टेस्ट हिरवी राहते. म्हणून टेस्टच्या सुरुवातीला ब्राउझरला सांगावं लागतं की तू एशिया-कोलकाता या वेळेत आहेस. एक ओळ. ती नसली तर हजार टेस्ट लिहूनही तारीख चुकत राहील.

अशीच एक ओळ भाषेची. ब्राउझरची भाषा मराठी असेल आणि प्रोग्रॅमने तारीख 'त्या-त्या माणसाच्या पद्धतीने' दाखव असं सांगितलं असेल, तर जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा, ती १५/८/२०२४ अशी देवनागरी आकड्यांत देते. हिंदीत ठेवलेल्या ब्राउझरला मात्र इंग्रजी आकडे मिळतात, कारण दोन भाषांचे ठरलेले नियम वेगळे आहेत. दाखवायला हे छानच आहे. पण तीच दाखवलेली तारीख किंवा रक्कम उचलून प्रोग्रॅमने हिशेबाला घेतली की गाडी रुतते, कारण जावास्क्रिप्टला '१,००,०००' ही संख्या म्हणून वाचताच येत नाही. परिणाम काय, तर फोन इंग्रजीत किंवा हिंदीत ठेवणाऱ्याचा अर्ज जातो आणि ज्याने कौतुकाने आपला फोन मराठीत ठेवला त्याचाच अडतो. साइट बांधणाऱ्या मुलांचे लॅपटॉप इंग्रजीत असतात. त्यांना हे दिसणार कुठून? टेस्टमध्ये ब्राउझरची भाषा मराठी ठेवली की पहिल्याच रात्री लाल दिवा लागतो.

नावांचं तर विचारूच नका. एका वित्तीय संस्थेच्या अर्जात मराठी नाव तपासण्याचा नियम 'अ पासून ह पर्यंतची अक्षरं चालतील' असा लिहिलेला मी पाहिला. वाचताना बरोबर वाटतो. पण संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे युनिकोडमध्ये, काना, मात्रा, वेलांटी, उकार ही सगळी चिन्हं 'ह'च्या पुढे आहेत आणि अनुस्वार 'अ'च्या आधी. त्या नियमात 'मदन' बसतो, 'गणपत' बसतो, 'मीना' बसत नाही, 'संगम' बसत नाही. तपासताना कुणीतरी 'मदन' टाकून पाहिलं होतं आणि बरोबर चाललं म्हणून पुढे पाठवलं होतं. काना-मात्रा नसलेली नावं आपल्याकडे किती असतात? निम्म्याहून जास्त महाराष्ट्र दारातच अडला असता. ते बाहेर जाण्याआधी सापडलं, कारण टेस्टमध्ये एक नाव न घालता नावांची यादी घातली होती.

ती यादी मी वर्षानुवर्षं वाढवत आले आहे. 'कऱ्हाडकर' तिच्यात पहिल्यांदा आलं, कारण ते अर्धं 'ऱ' दोन रीतींनी टाइप होतं. काही कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडतात आणि त्याच्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं. एका कार्यालयात नोंद एका रीतीने झाली आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतला, तर 'नोंद आढळली नाही' असं उत्तर येतं आणि माणूस कागद घेऊन तालुक्याला हेलपाटे घालतो. वसईच्या, गोव्याच्या लोकांच्या नावांतही असंच. 'ॲग्नेस'मधला 'ॲ' एका अक्षराने लिहिता येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना मधे वर टिंब-शेपटीचं चिन्ह येतं, ते कित्येक फॉर्म नाकारतात, आणि मग आधारवर एक, पॅनवर दुसरं. ज्यांना फक्त पहिलंच नाव आहे ते, वडिलांचं नाव न लावणारी एकल मातांची मुलं, ज्यांचं आडनाव एकाच अक्षराचं आहे ते, या सगळ्यांची नावं यादीत हवीत. आणि मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाइप करणारे आजोबाही हवेत. इथे अजून एक गंमतीदार वाटेल पण त्रासाची बाब आहे: ब्राउझरमधली जावास्क्रिप्टची अंकांची नेहमीची तपासणी देवनागरी अंक नाकारते आणि मागे सर्व्हरवर पायथॉन ही दुसरी प्रोग्रॅमिंगची भाषा असेल तर तीच तपासणी ते स्वीकारते. एकाच साइटची दोन टोकं एकमेकांशी भांडत असतात आणि मधे अर्जदार.

हे सगळं मी इतकं सांगते आहे, कारण मराठी हा शासनाच्या साइटवर फक्त भाषा निवडण्याचा रकाना नाही. मराठी नाव भरून, मराठी फोनवरून अर्ज शेवटपर्यंत जातो का, हे कुणीतरी रोज बघायला हवं. आणि रोज बघणं माणसाला झेपत नाही, म्हणूनच टेस्ट.

आता कायद्याची बाजू. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम हा मला फार महत्त्वाचा कायदा वाटतो. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण मुदतीचं घड्याळ परिपूर्ण अर्ज पोचल्यावर सुरू होतं. अर्जच गेला नाही तर? 'सादर करा' हे बटण काम करत नसेल तर त्या नागरिकाची नोंद कुठेच नाही. तो ना मंजूर, ना नामंजूर, ना प्रलंबित. आकडेवारीत तो आलाच नाही, त्यामुळे सेवा देण्याची टक्केवारी उत्तम दिसत राहते. हक्काचा कायदा ज्या बटणापाशी सुरू होतो ते बटण दाबून बघण्याची जबाबदारी कुणाची, हे मला कुठल्याच कागदावर ठळक लिहिलेलं दिसत नाही.

केंद्र सरकारची सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, त्यांप्रमाणे तपासणी होऊन प्रमाणपत्रही मिळतं. ते हवंच. पण प्रमाणपत्र त्या दिवशीच्या साइटचं असतं, आणि साइट तर जीआर निघाला की बदलते, फी बदलली की बदलते, नवा दाखला जोडला की बदलते. बदलानंतर जुनं काही मोडलं नाही ना, हे पाहण्याचं काम त्या प्रमाणपत्राने होत नाही.

अंध आणि अल्पदृष्टी असलेल्या अर्जदारांबद्दलही लिहायला हवं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. आता टेस्टचा याच्याशी थेट संबंध आहे. आजची चांगली टेस्ट रकाना शोधताना 'पानावरचा तिसरा चौकोन' असं शोधत नाही, 'ज्याच्यावर अर्जदाराचे नाव असं लेबल आहे तो' असं शोधते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारा माणूसही तसाच शोधतो. माझ्या टेस्टला बटणाचं नाव सापडत नसेल, नुसतं चित्र सापडत असेल, तर त्या माणसालाही ते बटण सापडणार नाही. अशा वेळी टेस्टमध्ये आडवाट काढून बटण कसंतरी गाठायचं नाही, बटणाला नाव द्यायला लावायचं, हा माझा हट्ट असतो आणि त्यावरून माझे वादही होतात. स्क्रीन रीडरवरच्या सगळ्या अडचणी टेस्टला कळतात असं नाही. त्या माणसालाच बसवून विचारावं लागतं. पण निदान बिननावाची बटणं तरी बाहेर जाऊ नयेत.

खर्चाचं कारण सांगितलं जातं, म्हणून साधनांबद्दल दोन शब्द. सेलेनियम हे या कामातलं जुनं आणि सर्वांत माहितीतलं साधन. शिकागोला थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये ते सुरू केलं, तेही कर्मचाऱ्यांच्या वेळेचा आणि खर्चाचा हिशेब ठेवणारी एक अंतर्गत साइट तपासायला. पुढे सायमन स्टुअर्ट यांचं वेबड्रायव्हर त्यात मिळालं, ब्राउझर बाहेरून कसा चालवायचा याची ती पद्धत जून २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत मानक झाली. म्हणजे ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनीच ही दारं उघडी ठेवण्याचं मान्य केलेलं आहे. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० मध्ये आलं, मी सध्या तेच वापरते. सेलेनियम असो वा प्लेराइट, एक रुपया पडत नाही, परवाना मुक्त आहे. खर्च आहे तो माणसांचा. पुण्या-नाशिकात, कोल्हापूर-नागपुरात हे काम येणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत.

न तपासण्याची किंमत किती असते याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आरोग्य विम्याची त्यांची सरकारी साइट हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले ते सहा जण. नंतर संसदेच्या समितीपुढे ठेकेदारांनी सांगितलं की सगळे भाग जोडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासणी झाली ती सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांत. प्रत्येक कंपनीने आपापला तुकडा तपासला होता. त्याआधी नागरिकाचा रस्ता कुणी पुरा चालून पाहिला नव्हता. पैसा आणि हुशार माणसं त्यांच्याकडे कमी नव्हती. आपल्याकडे ७ जून २०२१ ला आयकराचं नवं पोर्टल सुरू झालं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांना तक्रारींबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं होतं, हेही वाचकांना आठवत असेल.

अनेक ठिकाणी टेस्ट लिहिल्या जातात आणि वर्षभरात मरतात, हे मात्र खरं आहे, आणि त्याची कारणं माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी मोकळेपणी सांगायला हवीत. मुख्य कारण म्हणजे बेभरवशी टेस्ट. साइट ठीक असूनही कधी लाल, कधी हिरवी. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये असा बेभरवशीपणा काही ना काही प्रमाणात आहे. गूगलची ही कथा, तर बाकीच्यांचं काय. बहुतेक वेळा मूळ एकच असतं: टेस्टमध्ये 'तीन सेकंद थांब' असं लिहिलेलं असतं. नेट मंद असलं की तीन सेकंद पुरत नाहीत आणि दिवा लाल. तिथे 'गावांची यादी दिसेपर्यंत थांब' असं लिहायला हवं. जिल्हा निवडला की तालुके येतात, तालुका निवडला की गावं येतात, अशा फॉर्ममध्ये हा फरक जीवघेणा आहे. दुसरं, एका टेस्टने तयार केलेला अर्ज दुसरी टेस्ट वापरते, पहिली पडली की मागची सगळी रांग पडते. प्रत्येक टेस्टने आपला अर्जदार स्वतः तयार करावा. हे केलं नाही की टीमला लाल दिव्याची सवय होते, 'पुन्हा चालव, होईल हिरवा' सुरू होतं, आणि एक दिवस खरा दोष त्याच सवयीतून निसटून जातो. मला विचाराल तर लाल दिव्याची सवय झालेल्या शंभर टेस्टपेक्षा भरवशाच्या दहा बऱ्या. ब्राउझर टेस्ट तशाही थोड्याच असाव्यात, मुख्य वाटांपुरत्या. लहानसहान नियम त्याच्या खालच्या थरात, ब्राउझर न उघडता तपासता येतात आणि ते झटपट होतं.

माझी मागणी आता मांडते. सरकारी किंवा निमसरकारी सेवेची साइट बनवण्याची निविदा निघते तेव्हा हस्तांतरणाच्या यादीत कोड, कागदपत्रं, प्रशिक्षण असं सगळं असतं. त्या यादीत ब्राउझर टेस्टही स्पष्ट लिहाव्यात. साइटच्या प्रत्येक सेवेची अर्ज करण्यापासून दाखला हाती येण्यापर्यंतची एक तरी टेस्ट, मराठी नावांसह, मराठी ब्राउझरवर, भारतीय वेळेत, मोबाइलच्या आकाराच्या पडद्यावर आणि मंद नेटवर. या टेस्ट विभागाच्या मालकीच्या असाव्यात. कंत्राट बदललं, नवी कंपनी आली, तर तिला पहिल्या दिवसापासून त्या वापरता याव्यात. आज कंपनी बदलली की आधीच्यांनी मोठ्या कष्टाने दुरुस्त केलेले दोष पुन्हा उगवतात, वहिनींच्या वहीत एकच नोंद दोन वेगळ्या वर्षी सापडते ती यामुळे. आणि तक्रार 'निकाली' काढण्याआधी त्या तक्रारीची टेस्ट लिहिली गेली आहे, ती आधी लाल होती आणि दुरुस्तीनंतर हिरवी झाली, एवढी एक अट घालावी. या एका अटीने पुष्कळ फरक पडेल अशी माझी खात्री आहे.

यात काळजी घेण्याच्या गोष्टी आहेत. चालू साइटवर या टेस्ट सोडायच्या नाहीत, खोटे अर्ज खऱ्या तलाठ्याच्या पुढ्यात जाऊन पडतील. त्यासाठी हुबेहूब तशी दुसरी प्रत ठेवावी लागते. तिथे ओटीपी आणि कॅप्चाला पर्यायी सोय लागते, आणि ती सोय चालू साइटवर चुकूनही राहिलेली नाही याची वेगळी टेस्ट हवी, कारण कायम एकच ओटीपी चालणारी साइट म्हणजे उघडं दार. पैसे भरण्यासाठी बँकांच्या गेटवेंची चाचणीपुरती सोय असते, तीच वापरावी. आणि तपासणीसाठी खऱ्या नागरिकांची माहिती उचलून आणू नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे म्हणून नव्हे, एरवीसुद्धा कुणाचा आधार क्रमांक टेस्टच्या फाइलीत पडून राहणं बरोबर नाही.

टेस्ट लिहिल्या म्हणजे टेस्टर नको असंही कुणी समजू नये. फॉर्मवरचं मराठी वाचून काही कळतं का, 'अर्जाची स्थिती' बघायला आजींना कुठे दाबावं ते सापडतं का, हे कुठलाही प्रोग्रॅम सांगत नाही. त्याला माणूसच लागतो, आणि तो माणूस वहिनींसारखा असावा, ज्याच्यासमोर दिवसभर अर्जदार बसलेले असतात. ई-सेवा केंद्रांच्या चालकांना साइट सुरू होण्याआधी बोलावून, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन, त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यावेत. आत्ता ते ही सगळी तपासणी फुकट करत आहेत, साइट सुरू झाल्यानंतर, लोकांच्या शिव्या खात.

म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयांतल्या सेतू शाखांना माझी विनंती आहे की आपापल्या जिल्ह्यातल्या केंद्रांकडच्या वह्या मागवाव्यात. वही नसेल तिथे एक पान लिहून घ्यावं. केंद्रचालकांनी नोंद करताना चार गोष्टी लिहिल्या तर आमच्यासारख्यांना तिची टेस्ट करणं सोपं जातं: फोन होता की संगणक, ब्राउझर कोणता आणि तो कुठल्या भाषेत होता, रकान्यात अक्षरशः काय टाइप केलं, आणि कोणतं बटण दाबल्यावर काय दिसलं. 'साइट चालत नाही' एवढ्यावरून कुणाला काही करता येत नाही. पडद्याचा फोटो जोडावा, पण त्यात अर्जदाराचा आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर दिसत असेल तर तो आधी झाकावा.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर टेस्टर, पुणे